इचलकरंजीचं शून्य

दुसऱ्याचं मन जाणणं ही मानवजातीची सर्वांत जुनी आणि सर्वांत उदात्त आकांक्षा आहे. साधूंनी, तत्त्वज्ञांनी आणि कवींनी जिच्यापायी आयुष्यं वेचली, ती गोष्ट २०४१ साली अखेर विज्ञानाच्या हाती लागली. तिला चार श्रेयांक होते, आणि पास व्हायला शंभरपैकी साठ गुण लागत.

विषयाचं नाव 'उपयोजित सहवेदना'. एम.एड. (स्वमग्नता विशेष) या वर्षभराच्या अभ्यासक्रमात तो शेवटच्या सत्रात यायचा. आधीच्या सत्रांत स्वमग्नतेचा इतिहास, स्वमग्न मुलांचं मूल्यमापन, वर्गाची मांडणी वगैरे पेपर होते. 'स्वमग्नता आणि पर्यावरण' असाही एक होता. पर्यावरणाचा पेपर आपल्याकडे प्रत्येक अभ्यासक्रमात असतोच.

ही पदवी घ्यायला शिक्षकांची एकदम झुंबड उडाली ती ज्ञानाच्या ओढीने नव्हे. नियम आला होता. ज्या शाळेत हा पदवीधर नाही, तिथे जूनपासून स्वमग्न मुलांना बसवायचं नाही, त्यांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं. ज्या शाळेत पदवीधर आहे, तिथे मूल राहील, पण त्याच्यासाठी आवाजबंद 'शांतता-कक्ष' बांधायचा आणि मुलाने दिवसभर त्यात बसायचं. नियम मुलांच्या हिताचा होता. मुलांच्या हिताचा नियम ओळखायची खूण अशी, की तो करताना मुलांना कुणी विचारलेलं नसतं.

आश्लेषा मगदूम इचलकरंजीच्या पद्मावती विद्यालयात मराठी आणि भूगोल शिकवायच्या. वय सेहेचाळीस. या वयात पुन्हा विद्यार्थी व्हायची त्यांना अजिबात हौस नव्हती. पण सहावीत ओवी कोष्टी होती.

ओवी बोलायची कमी, पण बोलली की नेमकं. वर्गाच्या मागच्या भिंतीला खांदा लावून ती शेवटच्या बाकावर बसायची, आणि तिथून तिला हलवणं हेडमास्तरांपासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत कुणालाच जमलं नव्हतं. त्या बाकावर बसून ती धडे वाचायची, नकाशे काढायची, आणि मगदूमबाईंचं फळ्यावरचं अक्षर वाईट आहे हे त्यांना तोंडावर सांगायची. शुक्रवारी मात्र तिचं बिनसायचं. शुक्रवारी ती कानांवर स्कार्फ गुंडाळून बाकाखाली शिरायची आणि वर दप्तर दाबून बसायची. तज्ज्ञांच्या अहवालात याला 'आठवडाअखेरचा शीण' म्हटलं होतं. शाळा शनिवारीही असते, हे तज्ज्ञांना कुणी सांगितलं नसावं.

जिल्ह्याचं केंद्र कोल्हापूरला. ओवीची आई, प्रतीक्षा, कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यासाठी सूत गुंडाळून द्यायची. धोट्याचे माग कालबाह्य झाल्याचं सरकार दर वर्षी जाहीर करायचं. मागांच्या आवाजात ते इचलकरंजीला ऐकू जात नसे. आई कामावर गेली तर ओवीला कोल्हापूरला कोण नेणार आणि कोण आणणार, हा प्रश्न नियमात नव्हता. म्हणून मगदूमबाईंनी नाव घातलं.

*

सहवेदना मोजणाऱ्या यंत्राचं अधिकृत नाव 'संवेदन-अनुभूती संच'. सगळे त्याला टोपी म्हणत.

टोपीमागचं विज्ञान असं. आपल्या मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा एक भाग असतो. बाहेरून येणारा आवाज, उजेड, स्पर्श आधी त्याच्याकडे येतो, आणि वर कुणाला सोडायचं हे तो ठरवतो. सरकारी कचेरीतल्या शिपायाचं काम. पंखा? रोजचाच आहे, बसू दे बाहेर. कॉलर टोचतेय? सकाळी येऊन गेली, आता उद्या. बाईंचा आवाज? सोडा आत. (वास तेवढा या शिपायाला विचारत नाही, त्याची थेट वर ओळख आहे.) काही स्वमग्न मुलांच्या बाबतीत हा शिपाई सगळ्यांना एकदम आत सोडतो, असं एक मत आहे. टोपी त्या भागावर ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचा बारीक झोत टाकायची आणि धडधाकट माणसाच्या शिपायालाही पाऊण तास रजेवर पाठवायची. त्या पाऊण तासात शिक्षकाने वर्ग घ्यायचा. मनगटावरचा पट्टा त्याची नाडी, घाम, थरथर मोजणार. आलेख जितका उंच, तितकी सहवेदना जास्त. ज्याला जास्त त्रास होतो त्यालाच जास्त कळतं, असं गृहीतक होतं. आपल्याकडे ते यंत्राच्या आधीपासून आहे.

एकच अडचण होती. टोपी स्वतः गुणगुणायची. शिपाई रजेवर असताना ती गुणगुण डोक्यात भुंग्यासारखी घुमली असती. म्हणून टोपीच्या कानात घालायच्या बोंडांना आधी शिकवावं लागे, की हा आवाज आपला, हा वजा करायचा. त्यासाठी संपूर्ण शांत खोलीत टोपी चालू करून एक बटण दाबायचं. याला 'शून्य लावणं' म्हणत. शून्य लावताना खोलीत जे ऐकू येईल, ते पुढे टोपी घालणाऱ्याला ऐकू येणार नाही.

शून्य लावायला पुण्याहून पुष्कर नावाचा तंत्रज्ञ आला. इचलकरंजीच्या स्टँडवर उतरताच त्याने कानांवर जाड हेडफोन चढवले होते आणि ते जेवतानाही काढले नव्हते. सहावीच्या वर्गात बारा प्रशिक्षणार्थी आणि हेडमास्तर चौगुले जमले. पुष्कर बटणावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाला, "मला काही ऐकू येत नाहीये. तुम्ही सांगा. शांत आहे ना?"

बारा जणांनी कान दिला.

"पंखा बंद करा ओ," बाबर सर म्हणाले. ते हातकणंगल्याहून यायचे आणि सूचना करायला त्यांना आवडायचं. पंखा बंद झाला.

"आता?"

"आता एकदम शांत!" चौगुले सर ओरडले. ते नेहमीच ओरडत. गावात सगळेच ओरडतात.

"मॅडम, तुम्हाला काय वाटतं?"

"टाचणी पडली तरी ऐकू येईल बघा," मगदूमबाई ठासून म्हणाल्या.

भिंतीपलीकडे शेट्यांच्या कारखान्यात चाळीस माग खडखडत होते. पुष्करने बटण दाबलं.

यात कुणीही खोटं बोललं नाही, हे आवर्जून नोंदवायला हवं. इचलकरंजीत आवाज म्हणजे माग सोडून बाकीचं जे ऐकू येतं ते.

*

मगदूमबाईंची परीक्षा बुधवारी होती. परीक्षक डॉ. चित्रलेखा दामले, पुण्याच्या. अभ्यासक्रमाची आखणी त्यांचीच. त्या दोन दिवसांपासून कपाळाला बाम लावून बसल्या होत्या आणि गावच्या पाण्याला दोष देत होत्या.

बाईंनी टोपी घातली, बोंडं कानात बसवली, फळ्यावर 'सह्याद्रीतील घाट' असं लिहिलं आणि खडूचा आवाज ऐकून दचकल्या. मग सगळंच आलं. चाळीस वह्यांची पानं. कुणाची तरी नाकातली शिट्टी. पंख्याच्या तिसऱ्या पात्याची करकर. ब्लाउजची शिवण. ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत मिरचीसारखा. पण हे अभ्यासक्रमात होतं, याची त्यांनी तयारी केली होती. तयारी नव्हती ती दुसऱ्याच गोष्टीची. काहीतरी नव्हतं. जिन्यात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं. सगळे आवाज सुटे सुटे, कशाला न बांधलेले, अंगावर येत होते.

"माग बंद पडले काय रे?" बाईंनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना थपडेसारखा लागला.

"न्हाई बाई! चालू हैत की!" अख्खा वर्ग म्हणाला.

बाईंनी टेबल घट्ट धरलं. वरंधा घाटानंतर काय, ते त्यांना आठवेना. डॉ. दामलेंच्या टॅबवर आलेख चढत होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर बाम लावल्यापासून प्रथमच समाधान दिसत होतं.

शेवटच्या बाकावरून ओवी उठली. बाईंकडे न बघता ती आली, मनगट धरलं आणि म्हणाली, "इकडं." तिने बाईंना बाकांमधून ओढत मागे नेलं आणि त्यांचा तळवा भिंतीवर सपाट दाबला.

भिंत थरथरत होती. बोंडांनी आवाज वजा केला होता, थरथर नाही. खड-खट, खड-खट, एकसारखी, न थांबणारी. हळूहळू वह्या, पंखा, शिट्टी, सगळे त्या ठेक्यावर आपापल्या जागी जाऊन बसले.

"चालू," ओवी म्हणाली.

"चालू," बाई म्हणाल्या.

"ओरडू नका."

"बरं."

डॉ. दामलेंनी शेरा लिहिला : 'विद्यार्थिनीकडून अनाहूत हस्तक्षेप.' आणि चौऱ्याण्णव गुण दिले.

*

मगदूमांकडे जेवण दिवस मावळायच्या आत होतं. त्या संध्याकाळी बाई नवऱ्याकडे बघत बसल्या. अभिनंदन मगदूम सुताचे व्यापारी, शांत स्वभावाचे, म्हणजे साधारण शंभर फुटांवरून ऐकू येतील इतपत.

"अहो, तुम्ही पापड खाताना कसला आवाज होतो हो."

"पापडाचा," ते म्हणाले. "टोपी उतरली न्हाई काय अजून?"

"उतरली. पण आता लक्ष जातं." बाईंनी ताट बाजूला सारलं. "यंत्राचं शून्य चुकलंय. माग चालू असताना लावलं. आम्हीच शांत आहे म्हणून सांगितलं. मी तर टाचणी पण पाडून दाखवली असती."

"मग काय झालं? चौऱ्याण्णव पडले की! मी जयसिंगपूरला दादाला कळवलं. पेढे वाटतोय तो."

"ओवी भिंतीला का चिकटते, ते आज मला कळलं. तिला मागांचा त्रास होत नाही हो. माग आहेत म्हणून ती बाकीचा त्रास सोसते. शुक्रवारी मागांना सुट्टी असते, तेव्हा तिला धरायला काही उरत नाही. आणि मी पास झाले, की नियमाप्रमाणे तिला दिवसभर कशात बसवायचं? आवाजबंद खोलीत. तिचे सातही वार शुक्रवार होणार."

अभिनंदन चावायचे थांबले. "मग सांग की त्या दामले मॅडमना."

"सांगितलं तर सगळ्यांचे निकाल रद्द. पुन्हा परीक्षा. त्यात मी नापास झाले, तर ओवी कोल्हापूरला."

"म्हणजे गप्प बसलीस तर पोरगी पेटीत, आणि बोललीस तर एस.टी.त."

"हो."

"आमच्या घराण्यात चौऱ्याण्णव पयल्यांदाच आलेत गं," ते जमेल तितक्या हळू म्हणाले. मग पापडाचा उरलेला तुकडा त्यांनी वरणात बुडवून, मऊ करून, आवाज न करता खाल्ला. लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर माणसाने याहून जास्त पाठिंबा द्यावा अशी बाईंची अपेक्षा नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात त्यांनी प्रतीक्षाला गाठून सगळं सांगितलं.

"अवो बाई," प्रतीक्षा कपाळावर हात मारून म्हणाली, "शुक्रवारी घरात आली की ती रिकामा मिक्सर चालू करून त्याच्याम्होरं बसती. दोन मिक्सर जाळलं तिनं. मी लई शिव्या घातल्या. मला वाटलं, खेळती."

"मी मॅडमना सांगू का? पुढं काय होईल ते मला माहीत नाही. तुमची पोर आहे, तुम्ही सांगाल तसं."

प्रतीक्षाने फाटकातून वर्गाकडे पाहिलं. "पेटीत नगो," ती म्हणाली. "कोल्हापूरचं कोल्हापूरला बघू. तुम्ही बोला."

*

डॉ. दामले तोवर शाळेच्या ऑफिसात वृत्तपत्रांसाठी मजकूर लिहून बसल्या होत्या. बाराच्या बारा प्रशिक्षणार्थींना नव्वदच्या वर गुण पडले होते. 'सहवेदनेत इचलकरंजी राज्यात अव्वल' असा मथळाही तयार होता. मगदूमबाईंचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी.

"मगदूम मॅडम, तुमच्या म्हणण्याप्रमाणे या खोलीत आत्ता आवाज आहे?"

"आहे, मॅडम."

"मला नाही ऐकू येत."

"नीट ऐका."

डॉ. दामलेंनी डोळे मिटले. मग त्यांनी बामाची बाटली टेबलावर ठेवली.

"हे माझ्या डोक्यात चाललंय असं मला वाटत होतं," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी, माग बंद असताना, पुष्करने नव्याने शून्य लावलं. या वेळी त्याने हेडफोन काढून स्वतः खात्री केली. बारा प्रशिक्षणार्थी भिंतीला टेकून उभे होते आणि अस्वस्थपणे घसे खाकरत होते. इतकी शांतता त्यांना बरी वाटत नव्हती. बाबर सर तर उघडच चिडले होते. "मगदूमबाई, सत्य तुम्हाला सापडलं, आणि मार्क आमचे गेले. हा कुठला न्याय?"

शनिवारी फेरपरीक्षा झाली. शून्य अचूक होतं, टोपी निर्दोष होती, शिपाई रजेवर होता. पंखा आला, वह्या आल्या, शिवण टोचली, उजेड झोंबला. आणि या सगळ्याखाली, शेट्यांचे चाळीस माग पहिल्यांदाच पुरेपूर ऐकू आले. मगदूमबाईंना पाळण्यात घातल्यासारखं वाटलं. त्यांनी सह्याद्रीतले सगळे घाट ओळीने सांगितले, वर दोन प्रश्न विचारले आणि ओवीने "अक्षर अजून वाईटच आहे" म्हटल्यावर हसल्याही. आलेख थोडा चढला, मग झोपाळ्यासारखा हेलकावत राहिला.

सत्तावन्न. नापास.

बाकीचे अकराही पन्नास ते साठच्या मध्ये अडकले. ज्यांचा जन्मच मागांच्या आवाजात गेला, त्यांना तो आवाज हजारपट करून ऐकवला तरी त्रास कसा होणार? चुकीच्या यंत्राने त्यांना संत ठरवलं होतं. बरोबर यंत्राने दगड ठरवलं.

बाई टोपी हातात धरून उभ्या राहिल्या. ओवी शेवटच्या बाकावर भारताचा नकाशा रंगवत होती. कोल्हापूरचा ठिपका तिने नेमका जागेवर दिला होता.

"द्या इकडे," डॉ. दामले म्हणाल्या आणि त्यांनी टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. आपण आखलेल्या परीक्षेला बसण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. यंत्राने त्यांना नव्व्याण्णव गुण दिले, आणि चौगुले सरांनी त्यांना धरून ऑफिसातल्या सोफ्यावर आडवं केलं. डोळे उघडल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं, मग ओवीला.

"तुला हा आवाज आवडतो?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"हो."

"मला नाही सहन होत."

ओवीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग दप्तरातून आपला शुक्रवारचा स्कार्फ काढून त्यांच्या कानांवर गुंडाळला, घट्ट, दोन वेढे.

"शुक्रवारी या," ती म्हणाली.

डॉ. दामलेंनी परतीच्या गाडीत अहवाल लिहिला. स्वमग्न मूल कुठे बसेल, हे त्या मुलाच्या शिक्षकाने मुलाला विचारून ठरवावं, एवढंच त्याचं सार होतं. बाकी परिशिष्टं होती. अहवाल मंजूर झाला. ज्या समितीने मंजूर केला, तिच्या अध्यक्षा डॉ. दामलेच होत्या. शांतता-कक्षही बांधून झाला, कारण आलेला निधी परत पाठवायची पद्धत नाही. त्यात आता पुण्याहून येणारे पाहुणे बसतात.

पण पदवीधर शिक्षक हवा, हा नियम राहिलाच, आणि मगदूमबाईंना तीन गुण कमी होते. डॉ. दामलेंनी विद्यापीठात आठवडाभर भांडून सगळ्यांसाठी ग्रेस गुण मिळवले. फोनवर त्या थोड्या ओशाळल्यासारख्या वाटल्या. "अभिनंदन, मगदूम मॅडम. तुम्ही पास झालात. फक्त एक तांत्रिक बाब आहे. यंत्राचं शून्य चुकलं म्हणून ग्रेस द्यायला कलमच नव्हतं. परीक्षा विभागाकडे जे कलम होतं, त्यात बसवलंय."

"कसलं कलम?"

"ते गुणपत्रिकेवर येईलच."

जून उजाडला. सहावीची सातवी झाली, वर्ग मात्र तोच राहिला. ओवी भिंतीला खांदा लावून आपल्या जागेवर बसली. शुक्रवारसाठी मगदूमबाईंनी मागांचा आवाज रेकॉर्ड करून छोट्या स्पीकरवर आणला. पहिल्यांदा लावला तेव्हा ओवी बाकाखालून डोकं काढून म्हणाली, "हे शेट्यांचे नाहीत." बाईंनी शेट्यांचा आणला. मग ती वर आली, आणि त्या दिवशी तिने बाईंना फळ्यावरचा 'ळ' नीट काढून दाखवला.

गुणपत्रिका ऑगस्टमध्ये आली. बाईंनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि विद्यापीठाला फोन लावला.

"यात चूक आहे. हे मी आयुष्यात कधी केलेलं नाही."

"मॅडम, बदलायचं तर क्रीडा संचालकांचं पत्र लागेल," पलीकडचा माणूस म्हणाला. "आणि ते तीन गुण मग वजा होतील."

बाईंनी वर्गाकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

विद्यापीठाच्या नोंदीनुसार आश्लेषा मगदूम या राज्यस्तरीय खो-खो खेळाडू आहेत.